ऊसराव, आमच्याही बादलीकडे बघा

श्री. रा. रा. ऊसराव भीमाकाठकर,
मु. उजनी लाभक्षेत्र, जि. सोलापूर, यांसी


सर्वप्रथम अभिनंदन. आजवर तुम्ही आमच्या चहात होता, पेढ्यात होता आणि, खोटं कशाला बोला, काहींच्या संध्याकाळच्या पेल्यातही होता. आता स्कूटरच्या टाकीत आलात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं. ते अलीकडे ओढून २०२५ वर आणलं, आणि गाठलंसुद्धा! या देशात एखादं सरकारी काम पाच वर्षं आधी पूर्ण होऊ शकतं, हे ऐकून आमची अख्खी कॉलनी चक्रावली. कारण उजनीपासून सोलापूरपर्यंतच्या ११० किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीच्या तारखा ऐकता ऐकता इथली पोरं शाळेतून कॉलेजात गेली. धरण तेच, पाणी तेच, जिल्हाही तोच. फक्त तुमच्या नावाचं काम असलं की कागद पळत सुटतात.

माझी ओळख सांगतो. मी जुळे सोलापुरात राहतो. विजापूर रोडवरचं सैफुल आणि होटगी रोडवरचा आसरा चौक यांच्या मधल्या पट्ट्यात. आमच्याकडे कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी पाण्याचे दिवसही लिहून ठेवतात. नळ चार-पाच दिवसांआड येतो. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. पाणीपट्टी मात्र आम्ही वर्षाच्या सगळ्या दिवसांची भरतो, पाणी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके दिवस बघतो. लग्नाची तारीख काढताना मुहूर्ताबरोबर पाण्याची पाळी बघणारी घरं इथं आहेत आणि त्यांना कुणी हसत नाही.

तर एकदा असाच नळाची वाट बघत बसलो असताना तुमचा हिशोब मांडला. आकडे माझे नाहीत, नीती आयोगाचे आहेत. २०२१ साली त्यांनी इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा काढला, त्यातच लिहिलंय की तुमच्यापासून एक लिटर इथेनॉल करायचं तर २,८६० लिटर पाणी लागतं. आता स्कूटरमध्ये पाच लिटर पेट्रोल भरलं की त्यात एक लिटर इथेनॉल आलं. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. चौघांच्या घराला झाले ५४०. भागाकार करून बघा: टाकीतलं ते एक लिटर तुमच्या रसाचं असेल तर आमच्या घराचं पाच दिवसांहून थोडं जास्तच पाणी त्यात मुरलेलं असतं. म्हणजे एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंतचं. मक्याचं इथेनॉल असेल तर गणित वेगळं, हेही मान्य. पण सोलापूर जिल्ह्यात राहून मक्याला दोष द्यायला गेलो तर मकाच हसेल.

तुमची सोलापुरातली कारकीर्द काही कालची नाही, म्हणून थोडं मागे जातो. हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. इंग्रजांनी इथं तलाव-कालवे केले ते दुष्काळात माणसं मरू नयेत म्हणून. आमचा हिप्परग्याचा एकरुख तलाव त्याच काळातला. कालवे झाले आणि साहेबाच्या लक्षात आलं की बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी ज्वारीला पाणी घेतच नाही. ती बिचारी ओलीवर येते. मग पाणीपट्टी भरणार कोण? तुम्ही. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनियर होते तेव्हा त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत घातली. ऊस ठरावीक तुकड्यातच, बाकीचं रान हंगामी पिकांना, पाणी जास्तीत जास्त गावांत फिरावं असा बेत. तुम्ही तो तुकडा घेतलात आणि हळूहळू बांध कोरलात. १९३० च्या दशकात सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. शेतकऱ्यांनी भांडवल घालून कारखाना उभा करणं ही त्या काळी केवढी हिमतीची गोष्ट होती! त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पुढे जे झालं त्याचं खापर त्यांच्या माथी मारणार नाही.

मग आली उजनी. ११७ टीएमसीची, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. कागदावर आठमाही सिंचनाचं धरण. म्हणजे खरीप, रब्बी आणि हात जोडून रामराम. तुम्हाला आडसाली लावलं तर सोळा-अठरा महिने रानात उभे राहता, मग खोडवा म्हणून पुन्हा तिथंच. आठ महिन्यांच्या पाण्यावर अठरा महिन्यांचा पाहुणा कसा बसवला, हे गणित मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण बसवला खरा. आज जिल्ह्यात तीसहून जास्त कारखान्यांचं धुराडं पेटतं. कोल्हापूरला साखर उतारा ११-१२ टक्के, इथं ९ च्या आसपास रखडतो. म्हणजे तितक्याच साखरेसाठी इथं जास्त ऊस, जास्त उसाला जास्त पाणी, आणि ते पाणी जिथं सगळ्यात कमी तिथं! हे असं नियोजन ठरवून करायला गेलं तरी जमणार नाही.

तुमच्याबद्दल जाणत्या माणसांनी वेळोवेळी लिहून ठेवलंय, ते तुमच्या वाचनात आलं नसेल. वाचायला वेळ कुठून असणार, सतत पाण्यातच उभे. १९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने सांगितलं की वर्षाला १,००० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथं ऊस नको. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने हिशोब मांडला की महाराष्ट्रात तुम्ही पिकाखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांहून कमी जागा अडवता आणि सिंचनाच्या पाण्यातलं जवळजवळ ७० टक्के पिता. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. बारमाही पिकाला ठिबकशिवाय कालव्याचं पाणी नाही, अशी तजवीज त्यात आहे, फक्त ती अधिसूचित क्षेत्रापुरती. क्षेत्र अधिसूचित कधी व्हायचं? तेही आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवू म्हणतो. पुढे २०१७ च्या जुलैत मंत्रिमंडळाने ठरवलं की उसाला ठिबक सक्तीचं, दोन वर्षांत. ती दोन वर्षं संपून किती वर्षं झाली, तुम्हीच मोजा. तुमच्या सऱ्यांमधून पाणी अजून मोकाट धावतंय.

२०१६ चा दुष्काळ आठवतो का? उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, का तर मैदानावर पाणी मारायचं नाही. अगदी योग्य. पण त्या मैदानांच्या गवतावर टीव्हीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी तुमच्या हिरव्या रानावर झाली नाही. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात मोहोळकडचा शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता, तेव्हाही इकडे गव्हाणीत मोळ्या पडतच होत्या. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. आमच्याकडे 'मायनस' हा शब्द शाळेच्या गणितात यायच्या आधी पोरांना धरणामुळे कळतो.

आणि मायनस झालं की सोलापूरकरांसाठी नदीतून पाणी सोडतात. हा सोहळा तुम्ही दरवर्षी काठावर उभं राहून बघता, बघता कसले, पंगतीला बसता! उजनीचं पाणी भीमेतून औज बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून टाकळी, मग आमच्या शेजारच्या सोरेगावच्या शुद्धीकरण केंद्रात. एवढ्या लांबच्या वाटेवर दोन्ही काठांना तुमची वस्ती. मोटारी पाण्यात सोडलेल्याच असतात. मग प्रशासन नदीकाठच्या विजेचे तास कमी करतं, पथकं फिरवतं. शहराला पिण्यासाठी सोडलेलं पाणी शहरापर्यंत पोचावं म्हणून लाइट तोडावी लागते, असं जगात आणखी कुठं असतं का, मला ठाऊक नाही. जेवढं सुटतं त्यातलं थोडं ऊन पितं, थोडी वाळू पिते. तुमचा वाटा कुणी मोजत नाही, कारण तुम्हाला मोजून द्यायची पद्धतच नाही.

आता तुमच्या थोरल्या बहिणीबद्दल. ओळखलंत ना? ज्वारी. हस्ताच्या पावसावर पेरावी आणि विसरून जावं, अशी मुलगी. मंगळवेढ्याची काळी जमीन ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर ती थंडीत निसवते. दाणा आपल्याला, कडबा गुरांना. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण आजही टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणूनच जाहीर केलं, आणि दिल्लीच्या अर्थसंकल्पात तिला 'श्री अन्न' ही पदवी मिळाली. आमच्या गल्लीतल्या कडक भाकरी करणाऱ्या मावशींना मी ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली. त्या म्हणाल्या, "श्री लावलं होय? मग भाव वाढणार म्हना की!" वाढला खरा, पण पेराच आटत चालला तर भाव वाढणारच.

त्याच वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात श्री अन्न उत्कृष्टता केंद्र सोलापूरला देतो म्हणून घोषणा झाली. दोनशे कोटींचं. आम्ही इकडं शेंगाचटणी-भाकरीचं ताट वाढून बसलो, आणि वर्ष संपता संपता केंद्र बारामतीला हलवायचा शासन निर्णय निघाला. मोर्चे झाले, निवेदनं झाली, पुढाऱ्यांनी एकमेकांवर ढकललं. ऊसराव, तुमच्या नावाचं एखादं केंद्र असं कुणी उचलून नेलं असतं का? तुमच्या नादाला लागायची कुणाची छाती नाही. तुम्ही मतदारसंघ आहात. ज्वारी नुसतं पीक आहे.

तुमच्यावरही एकदा वाईट वेळ आली होती, ती न सांगणं अन्यायाचं होईल. साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ ला हुकूम काढला: उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. केवढा हाहाकार! आठवड्याभरात हुकूम सैल झाला, १७ लाख टन साखरेएवढा रस वळवायची मुभा मिळाली, आणि पुढच्या ऑगस्टअखेर बंदी पुरतीच उठली. एक आठवडा, ऊसराव. ठिबकच्या निर्णयाला इतकी वर्षं, आणि तुमच्या अश्रूंना एक आठवडा.

शिवाय आता तुमच्या दिमतीला कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डला सोबत घेऊन तुमच्या शेतात सेन्सर लावले, उपग्रह तुमच्या पानांकडे बघतो, पाणी कधी हवं ते मोबाइल सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी तुमचं कौतुक केलं. यात पाणी वाचतं म्हणतात, आणि वाचत असेल तर माझी काही तक्रार नाही, उलट लवकर या इकडे. पण गंमत बघा, जी ज्वारी पाण्याशिवाय जगते तिची मळणी सोडली तर काढणीचं बाकी सगळं बायका अजून हाताने करतात. उपटायची हाताने, कणसं मोडायची हाताने, पेंढ्या बांधायच्या हाताने. उपग्रह तिच्याकडे बघायला कधी वळणार?

हे मी माझ्या मोहोळ तालुक्यातल्या चुलतभावाला बोललो. त्याची आठ एकर, त्यातली पाच तुमच्या ताब्यात. तो हसला नाही. म्हणाला, "आण्णा, ज्वारी काढायला चार माणसं आणून दाव, उद्या ऊस मोडतो. माणूस मिळत नाय. मिळालं तर मजुरी ज्वारीपेक्षा महाग. ऊस लावला की वर्षभर बघायला लागत नाय, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेती. बँक विचारती, 'ऊस आहे का?' 'हाय' म्हणलं की कर्ज. ज्वारी हाय म्हणलं तर 'बघू'." मग त्याने मला फेब्रुवारी २०२३ ची ती गोष्ट ऐकवली, जी आख्ख्या देशाने वाचली होती: बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला आणि हमाली, तोलाई, भाडं वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. "उसाचं बिल उशिरा येतं, काट्यात मारतेत, तोडीला पैशे मागतेत, सगळं खरं. पण दोन रुपयाचा चेक नाय येत, आण्णा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तुमच्याकडेही नसेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशापासून तुमच्यामागे कायदा उभा आहे. २०२५-२६ ला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरला. कारखाना ठरलेला, वाहतूक ठरलेली, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम ठरलेला. चौदा दिवसांचे पुष्कळदा चौदा आठवडे होतात ते सोडा, निदान भांडायला कागद तरी हातात असतो. ज्वारीलाही दरवर्षी हमीभाव जाहीर होतो, मालदांडीला तर वेगळा, क्विंटलला पन्नास रुपये चढा. पण तो भाव घेऊन कुठल्या काट्यावर उभं राहायचं हे शेतकऱ्याला सांगता येत नाही. अशा बाजारात शहाणा माणूस तुम्हालाच लावणार. माझ्या भावाच्या जागी मी असतो तर मीही लावलं असतं. आणि आम्ही तरी कुठं धुतल्या तांदळाचे! जुळे सोलापूरचे आमचे बंगले काळ्या रानातच उभे आहेत, तिथं पूर्वी काय डुलत असेल ते सांगायला नको.

या शहरात तुम्ही एकदाच माघार घेतलीत. १५ जून २०२३ ला, होटगी रोडच्या विमानतळाला आड येणारी सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली तेव्हा. आमच्या गच्चीवरून धुळीचा लोट दिसला. दोन वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, गोव्याचं विमान सुटलं. परवा एक पाहुणे त्या विमानाने आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमचं सोलापूर उगाच दुष्काळी म्हणतात, वरून तर काय हिरवंगार दिसतं!" मी त्यांना हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं आणि गप्प बसलो.

तर ऊसराव, तुमच्यावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीने माझा भाऊ मरेल आणि तुम्ही शेजारच्या जिल्ह्यात जाल. मागणी साधी आहे. तुम्हाला पाणी मोजून द्यावं. आज कालव्याचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर आकारतात, लिटरवर नाही. एकराची पट्टी भरली की कितीही प्या. ज्या दिवशी तुमच्या बांधावर मीटर बसेल, त्या दिवशी ठिबकची सक्ती करायला मंत्रिमंडळ लागणार नाही, माझा भाऊच नळ्या टाकेल. दुसरं, तुमच्या इथेनॉलचा दर सरकार जसं लिटरमागे आधी ठरवून तेल कंपन्यांना घ्यायला लावतं, तसा मालदांडीचा दर ठरवून मंगळवेढा, मोहोळ, बार्शीत तो देऊन खरेदी करणारे काटे लावावेत. रेशनवर, शाळेच्या खिचडीच्या जोडीला, वसतिगृहात भाकरी द्यावी. पदवी दिलीत, आता गिऱ्हाईक द्या. आणि हे काही तुमच्या हातात नाही, हे मलाही कळतं. तुम्ही नुसते उभे असता. पण तुमच्या शेजारी ज्यांची गाडी थांबते, त्यांच्यापर्यंत माझं पत्र पोचत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. ते आले की वाचून दाखवा.

आणि येत्या निवडणुकीत जो कुणी आमच्या दारात येईल, त्याला जुळे सोलापूरकरांनी रस्त्याचं, गटारीचं नंतर विचारावं. आधी एवढंच विचारावं: उसाचं पाणी मोजणार का, हो की नाही?

आपला,
एक नळधारक,
जुळे सोलापूर